एकतीस कॅसेटी, साफ न करण्याच्या अटीवर

मी, खाली सही करणारी, वय अडुसष्ट, धंदा कवळ्या घडवण्याचा, डोकं ठिकाणावर आणि निदान उजवा कान शाबूत असताना, कुणाच्याही दडपणाखाली न येता माझ्यामागे माझ्या वस्तूंची व्यवस्था लावून ठेवत आहे.  

१. राहतं घर माझ्या एकुलत्या एका लेकीला. त्यावर दुसऱ्या कुणाचाही हक्क नाही.

२. कवळ्या घासायचं यंत्र आणि साचे कामावरच्या माझ्या सहकारिणीला. यंत्राची घरघर मोठी करून ऐकायला त्याच्या पायाला चिकटवलेला माइक आधी काढावा, नाहीतर बाई पहिल्याच दिवशी पळ काढेल.

३. थोरल्या भावाला त्याचीच कॅसेट परत. जहाजावर नोकरीला असताना त्याने ती जपानहून आणली होती. "दुकानदाराने टोपी घातली गं, नुसती खरखर आहे," म्हणाला. मी दोन्ही बाजू ऐकल्या आणि त्या दिवशी जेवलेच नाही. ना सूर, ना ताल, लोखंडाची नुसती किंचाळी, आणि तरी कुणीतरी जीव ओतून केलेली. यंत्रावर मी दिवसभर जे ऐकते त्यालाही कुणी संगीत म्हणतं, हे मला तेव्हा कळलं. पुढे मी तशाच कॅसेटी करू लागले, तर भावाने नातेवाइकांत मला वेडी ठरवलं. त्याला मी माफ केलेलं नाही, याची नोंद व्हावी.

४. मिक्सर (आवाज मिसळायचा, स्वयंपाकघरातला नव्हे) आणि दोन फाटके स्पीकर जो मागायला येईल त्याला. मिक्सरमधून निघणारी वायर परत त्यालाच जोडलेली आहे. तो तसाच ओरडतो. कृपा करून कुणी दुरुस्त करू नये.

५. खालच्या मजल्यावरच्या गृहस्थांनी चार वेळा माझा मेन स्विच बंद केला. त्यांना कापसाच्या बोळ्यांची नवी डबी.

६. मी केलेल्या एकतीस कॅसेटी लेकीला. अट एकच, त्या साफ करू नयेत. लेक स्टुडिओत जुनी रेकॉर्डिंग स्वच्छ करते. माझ्या साठीला तिने सातवी कॅसेट हौसेने साफ करून आणली. कॉम्प्युटरने खरखर उपटून टाकली, म्हणजे माझं सगळं कामच. मागे उरली दारावरची थाप आणि तेव्हा सहा वर्षांच्या असलेल्या लेकीचा आवाज. "आई, उघड ना. आई, मी पडले."

लेकीने विचारलं, "तुला ऐकू आलं नव्हतं का गं?"

"नाही गं बाई, एवढ्या गोंगाटात कसं येणार?"

ते खोटं होतं. मला ऐकू आलं होतं. पोरी, मूळ कॅसेट लाव, दुसऱ्या थापेनंतर गोंगाट एकदम वाढतो. तो मी वाढवला. मला हवा तो आवाज त्या दिवशी पहिल्यांदा सापडत होता आणि उठले तर तो हातचा जाईल, असं वाटलं. तुझ्या गुडघ्यावरची खूण दिसली की अजून मला मेल्याहून मेल्यासारखं होतं. आणि कॅसेट चांगली झाली आहे, हेही खरं.

मृत्युपत्र माणूस गेल्यावर वाचायचं असतं. पण हे कलम तू एकटीने वाचावंस आणि उत्तर द्यायला समोर कुणी नसावं, हे मला सहन होत नाही. परवा रविवारी तू आलीस की हा कागद मीच तुझ्या हातात देईन. मोठ्याने वाच. मी समोर बसून ऐकेन.

सही: कवळीवाली
साक्षीदार: (१) दंतवैद्य, ज्यांच्यासाठी मी तीस वर्षं कवळ्या केल्या. (२) खालच्या गृहस्थांच्या पत्नी. त्यांनी मला कधीच थांबवलं नाही.
ठिकाण: स्वयंपाकघरातलं टेबल
तारीख: नऊ, शुक्रवार