खिशातला गूळ

टोकावडे,
१४ एप्रिल २०२५

ती. शेखरदादास,
अनिताचा सा. न. वि. वि.

पत्र बघून हसशील. पण माझा फोन या घरात सगळेच उघडतात, आणि मला जे लिहायचंय ते यांच्या मामांबद्दल आहे, म्हणून तूही फोन करू नकोस. पोस्टाने आलेल्या कागदाला मात्र इथे वीजबिल समजून कोणी हात लावत नाही.

पाड्यावरच्या शाळेचं छप्पर उतरवायचं ठरलंय. जुने ॲस्बेस्टॉस-सिमेंटचे पत्रे, बाबा कारखान्यात बारा वर्षं कापत होते तसलेच. काम कोणाला मिळालं असेल? यांच्या मामांना, काळूरामशेठना. बाबांच्या मुकादमाला. तोंडाला फडकं बांधलं म्हणून चारचौघांत बाबांना नवरी म्हणणाऱ्या माणसाला. मास्क मागितला तर गुळाचा खडा हातावर ठेवायचे, याने धूळ पोटातून उतरते म्हणायचे. बाबांनी ते खरं मानलं. अर्धा खडा खायचे आणि अर्धा शर्टाच्या खिशातून आपल्यासाठी आणायचे. मी दारात उभी असायची त्या गुळासाठी. पुढे बाबांची छाती त्या धुळीने आवळून आवळून त्यांना संपवलं, ते आपण दोघांनी बघितलंय.

माझं लग्नही याच माणसाने जुळवलं, आणि बाबा जाईपर्यंत त्यांचे उपकार मानत होते.

मी शाळा समितीत आहे. कामाच्या करारावर पत्रे कसे उतरवायचे याच्या अटी आहेत. शेठनी न वाचता सही ठोकली. ते घणाने फोडणार हे मला माहीत आहे. फोडू देत. मी फोटो काढीन आणि त्यांना असं बुडवीन की पुन्हा कुठल्या छपराला त्यांचा हात लागणार नाही. तू सुरक्षा खात्यातला माणूस. कुठे कुठे पकडता येतील ते मला नीट लिहून पाठव.

वहिनींना नमस्कार. बाबांच्या लेकीवर माया असू दे.

तुझी,
अनिता

*

शहापूर,
२१ एप्रिल २०२५

चि. सौ. अनितास,
अनेक आशीर्वाद.

पत्र मिळालं. अक्षर अजून तसंच आहे, मुंग्या शाईत बुडवून सोडल्यासारखं. तुझ्या वहिनीने चष्मा लावून वाचलं आणि तूही तिच्यासारखीच डूख धरतेस म्हणून खूश झाली.

विचारलंस म्हणून सांगतो. पत्रा शाबूत असेल तोवर तो फारसा त्रास देत नाही. फोडला, कापला, कोरडा झाडला की त्यातले तंतू सुटतात. डोळ्यांना दिसत नाहीत आणि छातीत गेले की बाहेर येत नाहीत. म्हणून आधी आवार बंद करायचं. पत्रा साबणाच्या पाण्याने भिजवायचा, हुकाचे बोल्ट सोडवायचे आणि अख्खा पत्रा हातावर खाली घ्यायचा. प्रत्येकाला फिल्टरचा मास्क आणि अंगभर फेकायचे कपडे. रुमाल, पदर काही कामाचे नाहीत. उतरलेला पत्रा जाड प्लास्टिकच्या दोन थरांत बांधून वर धोक्याची चिठ्ठी लावायची. हा धोकादायक कचरा धरला जातो, तो परवानगीच्या गाडीने परवानगीच्या जागीच जातो. गोठ्यावर नाही, खुराड्यावर नाही, रस्त्याच्या भरावात तर नाहीच.

काळूरामला सोड असं मी म्हणत नाही. बाबांच्या शेवटच्या महिन्यात त्यांना उशांना टेकवून बसवायला मी होतो. पण तू करार त्याच्या तोंडावर टाक, लेखी नोटीस दे आणि काम सुरू होण्याआधी थांबव. अपमान तेवढ्यानेही होईल.

भाचीला, नम्रताला पापा. ती शाळेत जायच्या आत ते छप्पर नीट उतरलेलं मला बघायचंय.

तुझ्या रागासकट तू हवी असलेला,
शेखरदादा

*

टोकावडे,
२८ एप्रिल २०२५

ती. शेखरदादास,
सा. न. वि. वि.

तुझी यादी मी तांदळाच्या डब्यात ठेवली आहे आणि रोज वाचते. गोड लागते.

पण नोटीस द्यायची नाही. दादा, नोटीस दिली की शेठ चार मास्क आणतील, दोन पत्रे भिजवतील, फोटोला हसतील आणि सुटतील. वर माझ्या घरी येऊन चहा पितील. मला अपमान नको, मला ते मोडलेले हवेत. गुन्हा घडल्याशिवाय माणूस सापडत नाही. सुट्टी लागली आहे, आवारात पोरं नसतील. थोडा वेळ फोडू देत, मग मी कामावर देखरेख करणाऱ्या इंजिनिअरसाहेबांना बोलावते.

मजूर पाड्यावरचेच घेतलेत. आमच्या शेतावर लावणीला येणारी मंगळी आणि तिचा नवरा वाळू त्यात आहेत. मंगळीला मी आडून विचारलं की धुळीची भीती नाही का वाटत. ती म्हणाली की शेठ गूळ देतात, मग आमाला काय नाय होत. मी गप्प बसले. बोलले असते तर बातमी शेठपर्यंत गेली असती.

सोमवारी, पाच तारखेला काम सुरू. माझी बाजू सोडू नकोस.

तुझी,
अनिता

*

शहापूर,
२ मे २०२५

चि. अनितास,
आशीर्वाद.

आज थट्टा नाही. थोडा वेळ म्हणजे किती? बाबांनाही कोणी एका दिवसात मारलं नव्हतं. रोज थोडा थोडा वेळच होता तो. मंगळीला माहीत नाही आणि तुला माहीत आहे. काळूराममध्ये आणि बाबांमध्येही एवढाच फरक होता.

सोमवारच्या आत इंजिनिअरला कळव. फोन केला असता, पण तूच बंदी घातली आहेस. तुझा शब्द मोडायची वेळ आणू नकोस.

शेखरदादा

*

टोकावडे,
९ मे २०२५

ती. शेखरदादास,
सा. न. वि. वि.

तुझं दोन तारखेचं पत्र सात तारखेला आलं. आधी आलं असतं तरी मी ऐकलं असतं असं छातीवर हात ठेवून सांगता येत नाही.

सोमवारी सकाळी मी शाळेसमोरच्या ओट्यावर फोन घेऊन बसले. वाळू आणि दोघे वर चढले आणि घण घातला. तुकडे खाली पडत होते, मंगळी ते घमेल्यात भरून ढीग करत होती, तोंडाला पदर. मी आणखी चांगल्या फोटोची वाट बघत राहिले. दहा वाजता शेठ पिशवी घेऊन फिरले. त्यांचा हात आणि मंगळीच्या तळव्यावर गुळाचा खडा, असा फोटो मिळाला तेव्हा मला इतका आनंद झाला की मी तो दोनदा उघडून बघितला.

साडेअकराला फोन लावला. साहेब तासाभरात आले. काम थांबलं, आवाराला पट्टी लागली. करारावरची सही मी सगळ्या गावासमोर शेठच्या डोळ्यांपुढे धरली आणि भगीरथ मुकण्याची मुलगी म्हणून बोलते आहे असं सांगितलं. शेठ पांढरे पडले. म्हणाले, मी भगीरथला गुळाचा खडा एक दिवस चुकवला नाय. त्यांना अजूनही ते पुण्यच वाटतं, दादा. आता त्यांचं नाव काळ्या यादीत गेलं आहे. उरलेले पत्रे दुसरी, शिकलेली माणसं तुझ्या यादीप्रमाणे भिजवून, बांधून नेत आहेत. मन भरलं माझं. खोटं कशाला लिहू. घरी येताना मी जवळजवळ धावतच आले.

दारात नम्रता बसली होती. गूळ चोखत.

मंगळी पाणी प्यायला येऊन गेली होती. सकाळच्या खड्यातला अर्धा तिने पदराच्या गाठीत राखला होता, तोच धुळीने पांढरा झालेला पदर. आपल्या पोरांसाठी ठेवलेला, पण नम्रता समोर दिसली म्हणून तिला दिला. तिच्या फ्रॉकवर मंगळीच्या हाताचा पांढरा डाग होता. मी तिच्या तोंडातून गूळ काढला, ओल्या फडक्याने अंग पुसलं, फ्रॉक पिशवीत बांधला. ती रडत होती आणि विचारत होती की तिने काय केलं. यांनीही तेच विचारलं. मी यांना पहिल्यापासून सगळं सांगितलं. ते अजून माझ्याशी बोलत नाहीत.

मंगळीकडे गेले. तिला वाटलं मी गुळावरून रागावले, म्हणून ती माझी माफी मागायला लागली. अकरा मजुरांना तपासणीला पाठवायचं आहे. यादी माझ्या मुंग्यांसारख्या अक्षरात मीच लिहिली. पहिलं नाव मंगळीचं आहे, बारावं नम्रताचं.

चौकशीला साहेबांना सगळे फोटो वेळेसकट हवे आहेत. पहिला आठ वाजून दहा मिनिटांचा आहे, शेवटचा साडेअकराचा. ते विचारतील की हे तीन तास वीस मिनिटं समोर कोण बसलं होतं. मी त्यातला एकही काढून टाकलेला नाही.

तू आता फोनच कर. कोणीही उचलला तरी चालेल.

तुझी,
अनिता