निळ्या बादलीतलं पाणी

४ जानेवारी, बुधवार

पिवळीने तोंड भरलं! सकाळी काचेच्या टाकीत दाणे टाकले, सगळे मासे तुटून पडले, ही एकटी दगडाआड. हनुवटी फुगलेली, गाल जड. अंडी तोंडात घेतलीत बाईने. आता तीन-साडेतीन आठवडे अन्नाला शिवणार नाही. पिल्लं तोंडातच वाढवणार. याआधी दोनदा असंच झालं आणि दोन्ही वेळा घाबरून सगळं गिळून बसली. या वेळी तरी निभावू दे.

तमांडा असती तर हातातलं टाकून धावत आली असती. तिचीच ही. आम्ही तळ्याकाठी होतो तेव्हा ती माशांच्या गोदामात पॅकिंगला होती. धडधाकट मासे विमानाने परदेशी, आणि शेपूट फाटलेले, डोळा गेलेले टाकाऊ. माझी बदली इथे झोम्बा शहरात झाली तेव्हा असे सहा टाकाऊ मासे मांडीवर घेऊन बायको मिनीबसमध्ये बसली होती. भांडीकुंडी गेली खड्ड्यात, मासे आधी! त्या सहातली ही एकडोळी पिवळी तेवढी उरली. तमांडाला जाऊन एप्रिलमध्ये दोन वर्षं होतील.

७ जानेवारी, शनिवार

पाणी बदललं. बुधवारी नळाचं पाणी निळ्या बादलीत भरून ठेवायचं, तीन दिवसांत त्यातलं क्लोरीन उडून जातं, मग शनिवारी टाकीत. शनिवार म्हणजे शनिवार. चाळीस वर्षं शाळेचं वेळापत्रक सांभाळलंय, झियोनीला, माझ्या बहिणीला, हे शंभरदा सांगून झालं.

बहिणाबाईंचं तुणतुणं चालूच. "घरात एवढे मासे आणि ताटात भोपळ्याची पानं! दादा, तू धन्य आहेस." तमांडाच्या मातीला म्हणून आली ती राहिलीच. मी बोलावलं नव्हतं. माझं बरं चाललं होतं.

११ जानेवारी

आठवा दिवस. पिवळीचं पोट खपाटीला गेलंय. मी तिच्यासमोर बसून राहिलो, ताटातला मक्याचा न्सिमा गार झाला. "तिचा उपास, तुझा का?" — झियोनी. हिला काय कळणार!

१५ जानेवारी, रविवार

चर्चमध्ये असताना लाईट गेली. पंप बंद, टाकीत हवा नाही! प्रवचन अर्धं टाकून सुटलो. पास्टर बघतच राहिले, बघू देत. तमांडाच्या वेळी "देवाची इच्छा" म्हणून हात झटकणारा माणूस तो.

घरी आलो तर झियोनी स्टुलावर बसून मगाने टाकीतलं पाणी उचलतेय आणि उंचावरून परत सोडतेय. तासभर तरी करत असावी. "हात मोडला माझा! तुझ्या या लाडक्यांपायी चूल पेटली नाही." तिच्या हातातला मग मी घेतला. थँक्यू म्हणायला हवं होतं. म्हणालो नाही. एकदा म्हटलं की रोज ऐकवत बसेल.

१८ जानेवारी, बुधवार

बादली भरून ठेवली. रेडिओवर कॉलऱ्याशिवाय दुसरं काही नाही. आमच्या गावी तळ्याकाठी तर तंबू ठोकलेत म्हणे, माणसं चटईवरून उचलून आणतात. झियोनीने पिण्याच्या मडक्यात क्लोरीनचं औषध ओतून ओतून पाण्याची वाट लावली. घोट घेतला की पोहण्याच्या तलावात पडल्यासारखं वाटतं. मी आपला माशांच्या बादलीतून मगभर घेतो. गार असतं, वास नाही.

आज तिने पकडलं. "दादा! टाकीत कोपरापर्यंत हात घालतोस, तोच हात, तोच मग, आणि तेच पितोस?"

म्हटलं, "मला शिकवू नकोस. अर्ध्या झोम्ब्याला मी शिकवलंय."

"म्हणूनच झोम्ब्याची ही दशा!" म्हणाली. तोंडाला तोंड द्यायला हीच एक शिल्लक आहे जगात.

२४ जानेवारी, मंगळवार

सर्दी. नाक पार बंद. वास नाही, चव नाही. दुपारी आरोग्यवाली डोरिका औषधाच्या बाटल्या वाटत आली — घरटी एकच. मी पांघरुणातून उठलो नाही. झियोनी फाटकापाशी तिच्याशी कितीतरी वेळ कुजबुजत होती. माझीच चुगली असणार, दुसरं काय!

पिवळीचा एकविसावा दिवस. हनुवटीच्या कातडीतून आता बारीक डोळे दिसतात, काळे काळे. खरंच दिसतात! चष्मा पुसून तीनदा पाहिलं. कुणाला सांगू? झियोनीला हाक मारली होती, ती कपडे धूत होती, तिला ऐकू गेलं नाही. परत नाही मारली.

२५ जानेवारी, बुधवार

बादली भरली. पिल्लं आज-उद्यात.

२६ जानेवारी, गुरुवार

सकाळी पुन्हा लाईट नव्हती. पाणी गढूळ झालंय. अशा पाण्यात पिल्लं बाहेर काढायची? माझ्याने शनिवारपर्यंत थांबवेना. झियोनी बाजारात गेल्यावर आजच बदललं, अर्धी टाकी. एक दिवस बादलीत राहिलंय, तेवढं पुरे.

दुपारी — पिवळी सोडून सगळे वर आलेत. तोंडं उघडून धापा टाकतायत. पंप तर चालू आहे! कल्ले लाल. निळा नर काचेवर आपटला.

चार वाजता — पिवळी आडवी.

२७ जानेवारी

एकही वाचला नाही.

पिवळीला हातावर घेतलं तसं तिचं तोंड उघडलं आणि पिल्लं पडली. सतरा. पूर्ण झालेली, शेपट्यांसकट. शेवटपर्यंत तोंड मिटून धरलं होतं बयेने. या वेळी गिळली नाहीत.

आंब्याखाली पुरली. तमांडाच्या हातचं असं या घरात आता जिवंत काही नाही.

बादलीमागे पांढरं टोपण सापडलं. औषधाच्या बाटलीचं.

२८ जानेवारी, शनिवार

टोपण तिच्यासमोर धरलं. रंग उडाला तिचा. "हो, मीच घातलं. बुधवारी. पण दादा, तू —"

पुढचं मी ऐकलं नाही. ऐकायचं काय होतं? म्हटलं, दोन वर्षं तुझ्या डोळ्यांत खुपत होते, आता झालं ना समाधान? म्हटलं, तमांडाची शेवटची वस्तू तू मारलीस, मुद्दाम मारलीस. या घरात तुझं काम नाही. म्हणाली, "मला बोलू तरी दे!" मी दार उघडून धरलं.

कमरेला चितेंजेचं कापड गुंडाळलं, एक पिशवी भरली आणि गेली. गावी. दुसरीकडे जाणार कुठे? जाताना स्वयंपाकघरात काहीतरी खुडबुड करत होती. मी पाठ फिरवून उभा राहिलो.

गेली ते बरं झालं. लिहून ठेवतो — बरं झालं!

३० जानेवारी

न्सिमा करपला. रिकाम्या टाकीत पंप चालूच ठेवलाय. आवाज हवा म्हणून.

३१ जानेवारी

शेजारीण विचारते, "झियोनी कुठंय?" म्हटलं, गावी. "आता? तिकडे तर कॉलऱ्याने रोज माणसं मरतायत, सर!" मी दार लावून घेतलं. ती काही कुक्कुलं बाळ नाही.

१ फेब्रुवारी, बुधवार

डोरिका आली होती. दारातच म्हणाली, "सर, तब्येत बरी ना? झियोनीताईंना फार काळजी. दादा माशांच्या बादलीतलंच पाणी पितो, सांगून ऐकत नाही, म्हणाल्या. गुपचूप टोपणभर औषध टाकलं तर किती दिवसांत उडतं, माशांना बाधणार नाही ना, तीनतीनदा विचारलं. मी म्हटलं, दोन दिवस. मग म्हणाल्या, चालेल तर! दादा शनिवारशिवाय पाणी बदलत नाही."

गुरुवारी बदललं मी.

डोरिका गेल्यावर फडताळ उघडलं. बाटली तिथेच आहे, जवळजवळ भरलेली. घरटी एकच मिळते. ती माझ्यासाठी ठेवून गेली.

तेव्हापासून झियोनीला फोन लावतोय. लागत नाही.