टाळूवरचं काजळ

रविवार, दुपार

आई, तू गेल्यापासून तुला एक ओळही लिहिली नाही, चुकलं माझं. आज लिहितेय तेही भीतीपोटी.

गेल्या आठवड्यात लेकीला तेल लावताना कानामागे बोटाला गुळगुळीत लागलं. बटणाएवढी जागा, केसाचा पत्ता नाही. मी बघताक्षणी ओळखलं. काल ताथवड्याला त्वचेच्या डॉक्टरांकडे नेलं, सासूबाईही आल्या. डॉक्टरांनी दिव्याच्या भिंगातून पाहिलं, कडेचे केस हलके ओढून बघितले. "चाई आहे. घाबरू नका, बऱ्याचदा केस परत येतात. इंजेक्शनं देऊ, थायरॉइडही तपासू. घरात कुणाला होती का अशी?"

सासूबाई लगेच म्हणाल्या, "आमच्यात न्हाई बगा कुनाला. हिच्या म्हायारचं हिलाच इचारा."

मी म्हणाले, "नाही." डॉक्टरांनी कागदावर तसं लिहून घेतलं.

लहानपणची ती सकाळ अजून डोळ्यांसमोर आहे: तुझी फर्स्ट शिफ्ट आहे. स्टोव्हवर चहा उकळतोय, तू पाटावर मान खाली घालून बसली आहेस आणि मी तुझ्या टाळूवर बोटानं काजळ फिरवतेय. "नीट लाव गं, घामानं उतरतं. आणि बाहेर बोललीस तर बघ, उद्या तुला स्थळं यायचीत." कंपनीत लाइनवर टोपी सक्तीची होती. "साहेबानं माझ्यासाठीच काढलाय नियम," म्हणून हसायचीस. पुढे चट्टे एकमेकांना मिळाले, भुवयाही गेल्या, तेव्हा हसणं थांबलं. हळदीकुंकवालाही जाईनाशी झालीस. डॉक्टरला दाखवलं नाहीस, कारण दाखवलं की चार जणांना कळणार. मीही कधी "चल" म्हणाले नाही.

आज सकाळी लेक आरशासमोर रडकुंडीला आली. "मम्मी, उद्या शाळेत वेण्या घातल्या की दिसणार ना सगळ्यांना!" मी "थांब" म्हणाले आणि ड्रॉवरमधून काजळ काढलं. हात काही विसरला नव्हता. तिनं मान खाली घातली, अगदी तुझ्यासारखी, आणि विचारलं, "तुला हे कुणी शिकवलं गं?"

मी काजळ पुसून टाकलं.

तिचंही तुझ्यासारखं होईल, ही भीती आहेच. पण खरं सांगू? काल डॉक्टरांसमोर मला तिच्या केसांची भीती वाटली नाही, सासूबाईंच्या नजरेची वाटली. हे तुलाच सांगतेय, आणि तेही वहीतच राहणार आहे.

उद्या: दहाला दवाखाना उघडला की फोन करून कागदावरचं "नाही" खोडायला सांगणे. हॉलमधून, सासूबाई बसलेल्या असताना.