बुडायचे नाव न घेणारे घटिकापात्र

सापगाव, वैशाख वद्य पंचमी, शके १८६५

तीर्थरूप लडकूमामांच्या पायांवर डोके ठेवून भाचा देवजी याचे दंडवत. तुमचा गुडघा कसा आहे? मामी निर्गुडीचा शेक देतात की नुसताच दम देतात? गुडघ्यापायी तुम्हाला मुरबाडाहून भाचीच्या, आपल्या जिवलीच्या, लग्नाला येता आले नाही, याची सगळ्यांना हळहळ वाटली. मला मात्र, खोटे कशाला सांगू, तुमच्या गुडघ्याचे उपकारच वाटले. तुम्ही मांडवात असता तर तुमच्या घराण्याच्या घटिकापात्राची चारचौघांदेखत जी शोभा झाली ती तुम्हाला पाहवली नसती. इकडे सगळे खुशाल. आई खुशाल आहे, म्हैस खुशाल आहे, जिवली नवऱ्याबरोबर आणि सासूबरोबर मुंबईला पोचल्याचे कार्डही आले. शाळेला सुट्टी आहे म्हणून मीही खुशाल आहे, नाहीतर मुलांना तोंड कोणत्या बाजूने दाखवले असते हा प्रश्नच होता.

आता लग्नाची हकीकत. लग्न म्हटले की मुहूर्त आला, मुहूर्त म्हटला की वेळ आली, आणि वेळ म्हटली की हल्ली सरकारला विचारावे लागते. लढाईच्या सोयीसाठी सरकारने गेल्या पावसाळ्यात घड्याळे तासभर पुढे ढकलली (सूर्याला तो हुकूम अजून पोचलेला दिसत नाही, तो आपला जुन्याच वेळेला कामावर येतो). आसनगाव स्टेशनात हा नवा टाइम. आमच्या शाळेच्या भिंतीवर अजून मुंबई टाइम, कारण ते घड्याळ पुढे करायला कुणी लेखी सांगितलेले नाही. आणि माझ्या खिशातल्या घड्याळात या दोघांच्या मधला जुना स्टँडर्ड टाइम, कारण मी समतोल वृत्तीचा माणूस आहे. म्हणजे शाळेत नऊ वाजले की माझ्या खिशात नऊ एकोणचाळीस आणि स्टेशनात दहा एकोणचाळीस. एवढ्याशा गावात इतक्या वेळा असूनही कुठलेच काम वेळेवर होत नाही, हे आणखी वेगळे.

नवरदेव बारकू मुंबईच्या गोदीत कामाला. लढाईमुळे दोन दिवसांची रजा मिळाली तीच मेहेरबानी; तिसऱ्या दिवशी पहाटे हजर नसला तर नाव कापतात. तेव्हा लग्न लावून स्टेशनच्या टाइमाने एकची गाडी गाठायचीच. भटजी म्हणाले, हा मुहूर्त हुकला तर या दोघांना जमेल असा दुसरा मार्गशीर्षाखेरीज नाही. आणि बारकूची आई हिराबाई मार्गशीर्षापर्यंत थांबणाऱ्यातली बाई नव्हे. भातसा नदीकाठची एक मुलगी तिने आधीच पाहून ठेवलेली, हे तिने मला एकदा नव्हे तीनदा सहज म्हणून सांगितले होते. जिवलीने तर बारकूचे नाव निघाल्यापासून दळताना गाणे सुरू केले होते. म्हणजे पोरीचा सगळा जन्म त्या एका घटिकेवर येऊन बसला होता, मामा, आणि मला रात्रभर डोळ्याला डोळा लागला नाही.

घड्याळांच्या भांडणात न पडता भटजींनी घटिकापात्राचा आग्रह धरला. त्यांचे स्वतःचे गेल्या वर्षी चेपले. म्हणून मी तुमच्या घरचे मागवले आणि तुम्ही ते गवतात गुंडाळून गाडीवानाबरोबर धाडलेत. ‘पाच पिढ्यांचे आहे, याला काहीही करू नये’ हा तुमचा निरोप त्याने शब्द न गाळता सांगितला. तो मला अजून तोंडपाठ आहे.

लग्नाच्या दिवशी भटजींनी आधीच्या घटिका काठीच्या सावलीवर मोजल्या आणि शेवटची मोजायला पात्र पाण्याच्या घंगाळात सोडले. आत हळदकुंकू, झेंडूचे फूल, विड्याचे पान, म्हणजे तळ काही दिसायची सोय नाही (भटजींना जवळचे दिसत नाही आणि लांबचे दिसत नाही हे ते कबूल करत नाहीत). ते बुडेल त्या क्षणी मुहूर्त. तोवर त्याला कुणी हात लावायचा नाही. हात लागला की मुहूर्त मोडला. एवढी मंडळी आयती रिकामी बसलेली पाहून माझ्यातला मास्तर जागा झाला. मी उभा राहून सगळ्यांना समजावून सांगितले, की बाबांनो, यात देव नाही की मंत्र नाही. तळाला सुईच्या टोकाएवढे भोक असते. त्यातून पाणी आत चढते, भांडे जड होते आणि बरोबर चोवीस मिनिटांनी बुडते. भोक मोठे केले तर लवकर बुडेल, बारीक केले तर उशिरा. सगळी करामत भोकाची. वराची आजी धोंडीबाई पुढेच बसली होती. ती म्हणाली, “मास्तर, त्यात देवी बसते, तवा ते बुडतं. भोक तं आमच्या चालनीला पन हाय.” मंडळी हसली. अज्ञान किती खोल असते ते पाहून मीही हसलो.

चोवीस मिनिटे झाली. पात्र तरंगते आहे. तीस झाली. ठकी धवलारीण लग्नाचे धवळे गात होती, तिचे धवळे संपले. तिने पुन्हा गणपतीपासून सुरुवात केली. चाळीस झाली. अंतरपाट धरणाऱ्या दोघांचे हात आळीपाळीने खाली येऊ लागले आणि वधूवरांना एकमेकांचे कपाळ दिसू लागले. सगळे माझ्याकडे पाहू लागले, जसे काही पात्र मीच धरून ठेवले आहे. मीही गप्प बसलो नाही. आधी सांगितले की विहिरीचे पाणी थंड असल्याने जरा जड चालते. मग सांगितले की मांडवात वारा खालून लागतो आहे. मग सांगितले की झेंडूचे फूल भांड्याला वर ओढते. (हे सांगताना माझे मलाच पटले होते.) धोंडीबाई शांतपणे म्हणाली, “देवीनं टाइम थांबवलाय. पोरीची घटका नाय भरली अजून.” आणि बघता बघता मांडवातली निम्मी डोकी तिच्या बाजूने हलू लागली. शास्त्राला पाऊण तासात एवढी उतरती कळा लागलेली मी पाहिली नव्हती.

स्टेशनच्या टाइमाने पावणेबारा झाले तशी हिराबाई उठली. “गाडी चुकली तं पोराची नोकरी जाल. रावू द्या आता. बैल जुपा रे!” माझ्या आईने तोंडाला पदर लावला. जुंपायला नेलेला एक बैल दावे तोडून मांडवाच्या दाराशी आला, बायका ओरडल्या, सगळ्यांच्या माना तिकडे वळल्या, आणि त्याच वेळी घंगाळात डुबुक असा आवाज झाला. पात्र बुडाले! भटजींनी दोन दमांत पाच मंगलाष्टके उरकली, अक्षता निम्म्या वधूवरांवर आणि निम्म्या बैलावर पडल्या, आणि गाडी यायला पाच मिनिटे असताना वऱ्हाड आसनगावला पोचले.

परत आल्यावर मी पात्र बाहेर काढून पाहिले. आत ओंजळभर तांदूळ. कुणाच्या तरी अक्षता गडबडीत एका अंगाला पडल्या असणार, त्या भाराने पात्र कलले असणार आणि काठावरून पाणी शिरले असणार. साधी गोष्ट आहे. आणि तळाला जिथे पाच पिढ्यांचे भोक होते तिथे बाजरीच्या दाण्याएवढा चकचकीत ठिपका. भोक बुजलेले! पाऊण तास आम्ही एक साधी वाटी पाण्यावर तरंगताना बघत बसलो होतो. ते भोक कुणी बुजवले हे मला विचारू नका. जगात निष्काळजी माणसे फार झाली आहेत, एवढेच म्हणतो. इकडे धोंडीबाई मुंबईला न जाता मागे राहिली आणि तिने शहापूरच्या बाजारात सांगून ठेवले की देवीने जिवलीसाठी वेळ थांबवली. लोक तिला विचारायला येतात. भोक कसे काम करते हे मला विचारायला अजून एकही आलेला नाही. अशा लोकांत शास्त्र शिकवायचे म्हणजे दगडावर पाणी ओतणे आहे.

मामींना दंडवत, तुमच्या लेकीला, भिमीला, आशीर्वाद, गुडघ्याला आराम. तुमचा आज्ञेतला (निदान या पत्रापुरता तरी) भाचा,

देवजी

ता. क. – निष्काळजी माणसे फार झाली असे वर लिहिले आहे. त्यांतला एक मी. तुमचे भांडे लखलखीत करून परत द्यावे या सद्‌हेतूने लग्नाआधी घरच्या पातेल्यांबरोबर ते मी कल्हईवाल्याला दिले. त्याने न सांगता डाख लावून भोक बुजवले आणि परत देताना म्हणाला, “मास्तर, येक भांडं बुडातून गलत व्हतं, ते पन नीट केलं.” मी त्याला शाबासकी दिली. कोणते भांडे, हे विचारले नाही.

दुसरा ता. क. – मुंबईहून आलेले कार्ड हिराबाईचे आहे. तिच्या कानावर कुणीतरी घातले की पात्र बिघडलेले होते, म्हणजे लग्न बिनमुहूर्ताचे. मुलीला माघारी धाडते, मार्गशीर्षात पाहू, असे तिने कुणाकडून तरी लिहवून घेतले आहे. मार्गशीर्षात ती काय पाहील ते तुम्हाला ठाऊक आहे. तुमच्या पात्राबद्दल तुमचा शब्द सगळे मानतात. तरी कृपा करून हाती घेतलेली पानसुपारी बाजूला ठेवा आणि तिला एक कार्ड टाका, की हे पात्र पाच पिढ्यांत फार क्वचित असे थांबते, आणि ज्या मुलीसाठी थांबते तिच्यावर देवीची खास मर्जी असते. शास्त्राचा त्यात उल्लेख नको. भोकाचाही नको.

तिसरा ता. क. – शहापूरच्या सोनाराकडून भोक पुन्हा पाडून घेतले आहे. थोडे मोठे झाले. पात्र आता अकरा मिनिटांत बुडते. भिमीच्या लग्नात दोनदा सोडावे आणि वर दोन मिनिटे कुणीतरी काही बोलावे. मी येईनच.

शेवटचा ता. क. – स्टेशनात गाडी यायच्या आधी जिवलीला जवळ घेतले, तेव्हा रडता रडता हसू लागली. तेव्हा आठवले की अंतरपाट दूर झाला तेव्हा तिच्या ओंजळीत अक्षतेचा एकही दाणा नव्हता, आणि घंगाळ तिच्या उजव्या हाताला होते. विचारले. म्हणाली, “दादा, सकाली पूजेला पात्र मीच पुसलं, तवाच भोक नव्हतं. मला वाटलं, तुजं कायतरी नवं शास्त्र असंल. बैल आला तवा कोन बघत नव्हतं, मंग मीच बुडवलं.” म्हणून मामा, कार्डात देवीचे नाव लिहिताना आपण अगदीच खोटे लिहितो आहोत असे मनाला लावून घेऊ नका.