‘प्लेफुली’ची साक्ष

३ सप्टेंबर, सोमवार
इंग्रजी-मराठी शब्दकोशाच्या कचेरीत आज संपादक मॅडमनी ‘प्लेफुली’ हा शब्द माझ्याकडे दिला. ‘पी’ अक्षर माझंच, तेव्हा देणं भागच होतं. तरी देताना जरा थांबल्या. म्हणाल्या, तुम्हाला जमेल ना, नाहीतर क्यूला देऊ. क्यू म्हणजे शेजारच्या टेबलावरचा माझा मित्र. त्याच्या अक्षरात शब्द मूठभर. ते त्याने कधीच संपवले. आता दिवसभर पेन्सिलींना टोकं काढत दुसऱ्यांच्या अक्षरांकडे बघतो. शुक्रवारपर्यंत नोंद झाली नाही तर अख्खं ‘पी’ त्याला.

मी म्हणालो, जमेल.

अर्थ लगेच लिहिले. एक, खेळकरपणे. दोन, थट्टेने, मनात तसं नसताना. राहिली उदाहरणं. आमच्याकडे उदाहरण मनाने रचायचं नाही. खरंच घडलेलं हवं, आणि पाहणाऱ्या किंवा ऐकणाऱ्याने सही करायला हवी. हा नियम माझ्याच सूचनेवरून झाला.

संध्याकाळी क्यू जेवायला आला. बायकोला सगळं सांगितलं. ती म्हणाली, त्यात काय अवघड, या घरात तुमच्याइतका गमत्या माणूस दुसरा आहे कोण. मुलीला ठसका लागला. मी पाठ थोपटली.

इतक्या वर्षांत बायको हे प्रथमच स्पष्ट बोलली. क्यूच्या देखत बोलली, हे विशेष.

४ सप्टेंबर, मंगळवार
खेळकर काही आपोआप घडत नसेल तर आपण घडवावं. हे रचणं झालं का? वाटेत बराच विचार केला. घडवलेलं असलं तरी घडलेलंच. मन स्वच्छ झालं.

अकराच्या सुमारास मॅडमच्या मागे जाऊन भॉक केलं. चहा ‘ओ’च्या प्रुफांवर. ‘ओबीडियंट’पासून पुढचं काही वाचता येत नाही. मॅडमनी रिकामा कप फायलींच्या कपाटात ठेवला. आश्चर्याचा भर असावा.

क्यूने फडकं आणून दिलं. म्हणाला, काळजी करू नकोस, साक्ष मी देतो. मित्र असावा तर असा.

५ सप्टेंबर, बुधवार
मोहीम घरी हलवली. सकाळी बायकोचा चष्मा पिठाच्या डब्यात लपवला. ती तशीच बँकेत कामाला गेली. आल्यावर म्हणाली, अहो, दिवसभर मी लोकांना खिडकीतून ओरडून विचारत होते, आकडा किती. मी हसलो. तिला हसू यायला वेळ लागेल. चांगला विनोद मुरावा लागतो.

मग मुलीवर उशी फेकली. ती अभ्यास करत होती. दिवा पडला, फुटला. मुलगी म्हणाली, बाबा, फेकायच्या आधी सांगत जा. रास्त आहे. मी सांगितलं आणि पुन्हा फेकली. तिने झेलली, नीट झटकली आणि पलंगावर ठेवून आली.

६ सप्टेंबर, गुरुवार
बायकोपुढे चष्म्याचं उदाहरण सहीसाठी ठेवलं. तिने ‘प्लेफुली’वर बोट ठेवलं. म्हणाली, खोट्यावर सही करायची नाही, असं तुम्हीच शिकवलंय ना. तत्त्वनिष्ठ आहे. माझाच परिणाम.

क्यूला अडचण सांगितली. म्हणाला, वहिनींशी मी बोलतो. फोनवर बराच वेळ बोलला. मधे हसलाही. म्हणजे काम होणार.

७ सप्टेंबर, शुक्रवार
बैठक. माझी सगळी उदाहरणं मंजूर झाली. चहा ‘क्लम्झिली’ला गेला, ‘सी’वाल्यांनी आभार मानले. चष्मा ‘इरिटेटिंगली’ला, बायकोच्या सहीसकट. उशी ‘पॉइंटलेसली’ला, सही मुलीची. हा शब्द निदान ‘पी’तला.

‘प्लेफुली’साठी क्यू उभा राहिला. अर्थ दुसरा. उदाहरण: या घरात तुमच्याइतका गमत्या माणूस दुसरा आहे कोण, असं ती नवऱ्याला ‘प्लेफुली’ म्हणाली. ऐकणारा म्हणून सही क्यूची. शेजारी बोलणारीचीही सही. अर्थाबद्दल शंका राहू नये म्हणून घेतली, म्हणाला.

मॅडम बैठकीत कधी हसत नाहीत. आज डोळे पुसले.

‘पी’ क्यूकडे गेलं. मला ‘एक्स’.

घरी येऊन बायकोला विचारलं. ती मटार सोलत होती. म्हणाली, अहो, तुम्ही ते खरं धरलंत? मग हात थांबले. चहा टाकू का, म्हणाली. नको म्हटलं. मुलीला त्या दिवशीच्या ठसक्याबद्दल विचारलं. ती म्हणाली, बाबा, जाऊ दे ना.

चार दिवस मी ते वाक्य मनात घेऊन फिरत होतो. भॉक करायचं धैर्य त्यातूनच आलं होतं.

१० सप्टेंबर, सोमवार
शेवटचं प्रूफ अक्षराच्या आधीच्या माणसाने तपासायचं, या नियमाप्रमाणे ‘पी’चं मलाच तपासावं लागलं. ‘प्लेफुली’ दोनदा वाचला. स्वल्पविरामाचीही चूक नाही. अर्थाला उदाहरण चपखल बसतं, हे प्रामाणिकपणे मान्य केलं पाहिजे. सही केली.

‘एक्स’ जेवणाच्या सुट्टीआधीच संपलं. क्यूने टोक काढलेली एक पेन्सिल आणून ठेवली. मी तिला हात लावला नाही. शेजारी ‘डब्ल्यू’वाले ‘वाइफ’साठी उदाहरणं शोधत आहेत. माझ्याकडे पुष्कळ आहेत, सगळी घडलेली. साक्ष द्यायला कोणी नाही.