मारिये म्हणतात, पण कुणाला

१४ जाने.
यांना पॅरालिसिसचा झटका आला त्याला महिना. नंदाखालला घरी आणून आठ दिवस. उजवा हात लोंबतोय. वाचा नाही. डॉक्टर म्हणाले, "वयाच्या मानाने पाय लवकर सुधारतोय. बोलण्याचं सांगता येत नाही. पहिले काही महिने महत्त्वाचे." काही म्हणजे किती, ते विचारायचं राहिलं. विचारलं नाही, खरं तर.

२१ जाने.
बोलायला शिकवणाऱ्या बाई आल्या. माझ्याकडे बोट दाखवून यांना म्हणाल्या, "आजोबा, ह्यांचं नाव काय?" हे गप्प. बाईंनी वहीत फुली मारली. माझं डोकंच फिरलं. म्हटलं, "बाई, त्रेचाळीस वर्षांत या माणसाने मला मारिया म्हणून हाक मारलेली नाही. केळीच्या वाडीतून नुसतं 'अगोऽ' यायचं. आता नाव कुठून काढतील?" बाई हसल्या. फुली तशीच.

२ फेब्रु.
काठीने ओट्यापर्यंत गेले. केळीकडे बघून रडले. मीपण.

९ फेब्रु.
संध्याकाळी रोझरीला बसलो. पहिला मणी, आणि यांचा आवाज! "नमो मारिये..." स्वच्छ, अख्खी प्रार्थना. मग पुढची. हुंदका आवरेना. मुलीला, ग्लोरियाला, तिच्या एव्हरशाईनच्या फ्लॅटवर फोन. "पप्पा बोलले गं!"

१० फेब्रु.
बाई म्हणतात, ते बोलणं नव्हे. लहानपणापासूनचं पाठ, मेंदूत निराळ्या जागी असतं. खरंच, पाणी मागता येत नाही. ग्लासकडे बघत बसतात.
माळेत पन्नासदा माझं नाव घेतात, आणि ते माझं नाही. या वयात देवमातेचा हेवा करायचा? केला. लाज वाटली.

२३ फेब्रु.
माळ संपली की रोज थांबते, 'अगो' येतं का म्हणून. नाही येत. ग्लोरिया म्हणाली, "मम्मी, जेवढं आलं तेवढंच समज आता." चिडले तिच्यावर. तिचं बरोबर असेल.

६ मार्च
सकाळी गॅसपाशी यांची पेज ढवळत होते. माळ डब्यात. मागून आवाज, "मारिये."
तेवढंच. आधी 'नमो' नाही, पुढे काही नाही. वळले. माझ्याकडे बघत होते, की माझ्या मागच्या देवमातेच्या तसबिरीकडे... परत म्हणाले नाहीत.
बाईंना सांगणार नाही. फुली मारतील.
मी ओ दिली.