सरकारी पाटाचं उत्पन्न

१ एप्रिल १८८४, मंगळवार. लार्किन टेरेस.
वेलिंग्टनहून खाणखात्याचं पत्र. सरकारने नऊ मैल पाट खणला, पाणी खाणवाल्यांना विकलं, पण त्या पाण्याने सोनं किती निघतं ते कागदावर कुठेच दिसत नाही, अशी तक्रार. मे महिन्यात इन्स्पेक्टर येणार. आकडा दिसला तर पाट सरकारकडे राहील आणि मीही मॅनेजर राहीन. नाही दिसला तर पाट खाणवाल्यांच्या मंडळाला नाममात्र भाड्याने.

मला तर आनंदच झाला. सात वर्षांत खात्याने माझी पहिल्यांदा दखल घेतली. ॲग्नेसला पत्र वाचून दाखवलं. ती म्हणाली, हे घर सरकारी आहे ना? बायकोला मुद्दा सोडून बोलायची खोड आहे.

उद्यापासून रोज नऊ मैल पाट स्वतः चालून बघायचा.

२ एप्रिल.
पाऊस. गेलो नाही.

३ एप्रिल.
पाऊस. खात्याला इथली खरी अडचण समजत नाही. पाऊस पडला की प्रत्येकाच्या ओहोळाला फुकट पाणी, मग आमचं कोण घेणार? पाऊस थांबला की गिऱ्हाइकांची रांग, पण तेव्हा आमचं धरणही कोरडं. मधला काळ मात्र उत्तम जातो. गेल्या वर्षी तो अकरा दिवस होता.

५ एप्रिल, शनिवार.
वही घेऊन टेरेसवर, म्हणजे आमच्या या उंचावरच्या खाणवस्तीत, दारोदार फिरलो. मंडळाचा अध्यक्ष डन्फी, सहा फुटी आयरिश, सगळ्यात मोठी खाण त्याची. सोनं किती निघतं विचारलं. म्हणाला, "सोनं? साहेब, सोनं असतं तर ह्या पॅन्टला असं ठिगळ असतं का?" वळून दाखवलं. होतं खरं. सोरेनसन डॅनिश आहे, त्याला इंग्रजी जेमतेम येतं, तरी तोही पॅन्ट दाखवायला लागला. एकूण बावीस ठिगळं पाहिली. सगळ्यांचं उत्तर शब्दाला शब्द एकच. खोटं बोलत असते तर वेगवेगळं बोलले असते.

डन्फीच्या घरात नवा पियानो दिसला. म्हणाला, मावशी वारली, तिचा. सोरेनसनच्या नव्या घड्याळाचंही तेच. यंदा टेरेसवरच्या लोकांच्या बऱ्याच मावश्या गेल्या.

१२ एप्रिल, सकाळी ९.
कल्पना सुचली! दाढी अर्धीच झाली होती, तसाच लिहायला बसलो.

खाणीत दीड-दोन महिने पाण्याच्या जोरावर माती लाकडी पन्हळीतून वाहवतात. सोनं जड, ते तळाच्या दगडांत बसतं. मग पाणी बंद करून पन्हळ उघडायची, दगड उचलायचे, पुन्हा पाणी सोडून सोनं धुऊन काढायचं. जो तो आपापल्या सोयीने उघडतो, म्हणून आकडा कधी हाती लागत नाही. तर आता इन्स्पेक्टर येईपर्यंत कुणीच पन्हळ उघडायची नाही. त्या दिवशी सगळ्या एकदम, त्याच्या डोळ्यांदेखत. सोन्याचा ढीग! साहेबाचा वासलेला आ! माझी बढती!

त्याच दिवशी, दुपारी.
डन्फीला सांगितलं. त्याने डोकं खाजवलं. मग म्हणाला, "म्हणजे साहेब, तोवर तुमच्या तक्त्यात सोन्याचा रकाना कोरा?" मी म्हटलं, कोरा करकरीत. त्याने टोपी काढली. माझा हात दोन्ही हातांत धरून म्हणाला, "साहेब, ही कल्पना आमच्या टाळक्यात दहा वर्षांत आली नसती." त्याला एवढं भरून आलं की भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. खांदे गदगदत होते. एवढा दांडगा माणूस, पण हळवा.

२४ एप्रिल.
पाटावर गेलो. (दीड मैल. बूट चावतो.) पेनरोज भेटला. हा आमचा पाटकरी, कॉर्निश, साठीचा. रोज फावडं घेऊन पाट चालतो, दरडी काढतो, पानं काढतो. बोलतो कमी. आज बोलला. "साहेब, पन्हळीत दोन महिन्यांचं सोनं ठेवून माणसाला झोप लागते कशी?" मी म्हटलं, विश्वासाने. तो थुंकला. कष्टाळू आहे, पण दूरदृष्टी नाही.

६ मे.
दरड कोसळून पाट तिसऱ्या मैलावर फुटला. पेनरोज एकटा खणतोय. मीही जाणार होतो, पण स्वागताचं भाषण लिहिणं तातडीचं. अकरा पानं झाली. ॲग्नेसला वाचून दाखवलं. दुसऱ्या पानावर तिला बटाटे सोलायचे आठवले.

१८ मे, रविवार.
आजचा दिवस सोन्याच्या अक्षरांत लिहावा.

पहाटे डन्फी, सोरेनसन आणि सगळं मंडळ दारात. पाटाचं पूर्ण पाणी हवं. रविवारी पाणी सोडायचं नाही असा नियम आहे, आणि मी नियमाचा पक्का. डन्फी म्हणाला, "साहेब, गुरुवारी एवढा मोठा माणूस येणार. त्याला मळकी पन्हळ दाखवायची? टेरेसची अब्रू ती काय? घासूनपुसून लख्ख करतो." माझ्याच्याने नाही म्हणवेना. पूर्ण पाणी सोडलं, आणि फुकट! शेवटी स्वच्छता हीही प्रार्थनाच.

दिवसभर टेरेस नुसती घुमत होती. मी बघायला निघालो तर दोघांनी वाटेतच अडवलं. चिखल उडेल, साहेबांचा कोट खराब होईल. केवढी ती काळजी! संध्याकाळी डन्फीच्या बायकोने अख्खं डुकराचं तंगडं पाठवलं.

ॲग्नेस म्हणाली, जेवण वाढायच्या आधी कुणी पातेलं घासतं का? मी म्हटलं, खाण म्हणजे स्वयंपाकघर नव्हे. ती फडताळाकडे गेली. घरातली भांडी आपली कुठली आणि सरकारची कुठली, ते वेगळं करत बसली.

२२ मे, गुरुवार.
इन्स्पेक्टर आला. किडकिडीत, खोकणारा. भाषण तिसऱ्या पानावर थांबवलं. पाणी बंद झालं. डन्फीची पन्हळ उघडली, दगड उचलले. चिमटीभर सोनं आणि बुटाचं एक बटण. सोरेनसनकडे बटणही नाही. बावीस पन्हळी मिळून एक दात मढवता आला असता, तोही पुढचा नव्हे.

मी भाषणाची उरलेली पानं खिशात कोंबली. पण डन्फी पुढे झाला. टोपी छातीशी धरून म्हणाला, "साहेब, पाण्यात खोट नाही. टुलोकसाहेबांसारखा मॅनेजर शोधून सापडणार नाही. जमिनीतच दम उरला नाही हो. सरकारने हे ओझं किती दिवस वाहायचं? द्या आमच्या गळ्यात. आम्ही इथलेच, उपाशी राहू पण पाट राखू."

इन्स्पेक्टरने चष्मा पुसला. मीही डोळे पुसले. त्याला आवर्जून सांगितलं की एवढी निःस्वार्थी माणसं साऱ्या वसाहतीत मिळायची नाहीत. त्याने ते लिहून घेतलं.

३० मे.
तार आली. रविवारपासून पाट मंडळाकडे. माझी जागा रद्द. घर जूनअखेर सोडायचं.

विचार करता यात एक चांगली बाजू दिसते. जागा रद्द केली त्या अर्थी मोठ्या जागेवर नेमायचा विचार असणार. ॲग्नेसने विचारलं, कुठल्या? तपशील खातं कळवेलच.

७ जून, शनिवार.
मंडळाचं जेवण, दुपारी. मी प्रमुख पाहुणा. हंस भाजला होता. मंडळाने पेनरोजला मॅनेजर निवडलं आहे. असो.

होकिटिकाहून बँकेचा एजंट आला होता. त्याने उठून जाहीर केलं की या आठवड्यात लार्किन टेरेसने सहाशे चाळीस औंस सोनं बँकेत आणलं. टाळ्या! मला राहवलं नाही. उभा राहिलो. म्हटलं, सरकारी पाण्याने दोन महिन्यांत चिमटीभर, आणि पेनरोजच्या हाताखाली सात दिवसांत सहाशे चाळीस! मित्रा, हे केलंस तरी कसं?

आधी सोरेनसन हसायला लागला. मग सगळेच. सोरेनसन खुर्चीवरून पडला. सगळे हसत होते म्हणून मीही हसलो. पेनरोज तेवढा हसला नाही. ताटात बघत होता.

घरी आलो. एक बूट काढला आणि एकदम तो रविवार आठवला. दुसरा बूट पायातच. तासभर तसाच बसलो. तळातलं सोनं त्यांनी त्या दिवशी धुऊन नेलं, आणि पाणी मीच सोडलं होतं. फार लाज वाटली. कोट खराब होईल म्हणाले होते.

ॲग्नेसने चहा आणून ठेवला. म्हणाली काहीच नाही. बोलली असती तर बरं झालं असतं.

९ जून, सोमवार.
डन्फी आला. आज साहेब म्हणाला नाही. टुलोक म्हणाला. पेनरोज मॅनेजर झाल्याने पाटकऱ्याची जागा रिकामी आहे. वरचे चार मैल, राहायला खोपटं. पेनरोजनेच तुझं नाव सुचवलं, म्हणाला.

मी ताठ उभा राहिलो. म्हटलं, सात वर्षं या पाटाचा मॅनेजर होतो. वेलिंग्टनहून कधीही बोलावणं येईल. विचार करून आठवड्याभरात कळवतो.

आतून ॲग्नेस म्हणाली, "विचार झालाय. उद्यापासून येतील. फावडं तेवढं जरा हलकं द्या."